दरबार उठवणारी

रियाध, अल मलाझ
१२ जानेवारी २०१३

हाजराआपा,

तुझं पत्र मोहियुद्दीनने आणलं. आमचा ड्रायव्हर, महाडचा. त्याच्या बॅगेत ते सोड्यांच्या पिशवीखाली होतं, त्यामुळे तुझ्या अक्षराला वास लागलाय. नऊ वर्षांनी आलेल्या पत्राला तो शोभतो.

तुझ्या अदिबाचं लग्न ठरलं. आनंद झाला. मुलगा पनवेलचा, घर शिकलेलं, मंडळी चौकस. म्हणून तू त्यांना सांगितलंस की मुलीची खाला, सख्खी मावशी, रियाधला शाळेत शिकवते. मी लग्नाला यावं, आणि कुणी विचारलं तर एवढंच म्हणावं.

मी तसं म्हणणार नाही.

मी कुठल्याही शाळेत शिकवलेलं नाही. चोवीस वर्षं मी एका अमीरेच्या, म्हणजे इथल्या राजघराण्यातल्या एका बाईच्या सोबतीला आहे. तिच्या घरात राहते. तिच्या उजव्या हाताला, जरा मागे सरून बसते. हे तुला माहीत आहे. मी नक्की काय करते ते तू कधी विचारलं नाहीस. लोकांना सांगितलंस मात्र. उमैरच्या लग्नात, पहिली पंगत उठत होती तेव्हा: "आमची शरफुन ना? ती अरबाकडे भांडी घासते. सोन्याची असतील, पण भांडीच." मांडव हसला. तुझ्या मुलाचं लग्न होतं म्हणून मीही हसले. दुसऱ्या दिवशीचं विमान धरलं.

तर आता न विचारता सांगते.

अमीरा ऐंशीच्या पुढे आहे. मूल नाही. नवरा कधीच गेला. तिचे सगळे नातेवाईक शहराच्या उत्तरेला नव्या महालांत राहायला गेले. ती अल मलाझच्या या जुन्या घरातून हलली नाही. शेजारी दुकानं आली, समोर टायरवाला आला, तरी नाही. रोज दुपारच्या, अस्रच्या नमाजानंतर बायका भेटायला येतात. नात्यातल्या, अडलेल्या, कंटाळलेल्या, काही मागायला आलेल्या. कोणी कोणाशेजारी बसायचं ते मी बघते. कोण कोणाशी बोलत नाही तेही मला ठाऊक असतं. कॉफी कोणापासून सुरू करायची ते मी ठरवते. अमीरेच्या कानाशी नावं सांगते, कारण तिला आता दिसत नाही. तरी चष्मा घालते.

हा चष्मा महत्त्वाचा आहे. बोलता बोलता ती तो काढते, डबीत ठेवते, डबी मिटते आणि डाव्या बाजूला सरकवते. पाहुणीला वाटतं, म्हातारीचा चाळा. मी दाराकडे बघते. दारातून धुपाटणं आत येतं, त्यात निखाऱ्यावर ऊद. ते प्रत्येकीपुढे फिरतं. बायका धूर ओढणीला, केसांना लावून घेतात आणि उठतात. इथे ऊद फिरला की पाहुण्याने बसायचं नसतं. 'आता निघा' असं अमीरेने आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही. तिच्या वतीने ते मी म्हणते, आणि मीही तोंड उघडत नाही.

तुझ्या हॉलमध्ये काचेचं कपाट आहे. त्यात आजोबांची अत्तरदाणी. चांदीची, वर मोर, मोराची मान मोडलेली. नवाबसाहेबांचा दरबार संपत आला की आजोबा ती घेऊन पुढे होत. अत्तर-पान फिरलं की दरबार उठला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तू ते कपाट उघडून दाखवतेस. 'आमचे आजोबा दरबारचे मानकरी.'

ते मानकरी. मी भांडी घासते.

सोडे चांगले आहेत. खवट नाहीत.

शरफुन्निसा


५ फेब्रुवारी २०१३

आपा,

उत्तर आलं. या वेळी कुरियरने, म्हणजे राग बराच आहे.

तू लिहितेस, आजोबांची गोष्ट वेगळी. ते आपल्या मुलखात होते, आपल्या नवाबाकडे. खानदानी माणूस परक्याच्या उंबऱ्यात उभा राहिला की तो नोकर, मग हातात काहीही असो.

तुला एका बाईची हकीकत सांगते. माझी नाही, म्हणून तू कदाचित पूर्ण वाचशील.

उमैरच्या लग्नानंतरच्या वर्षी इंग्लंडच्या राजघराण्यातली एक बाई रियाधला आली होती. एका दुपारी ती आमच्या अमीरेला भेटायला आली. तिच्यामागे एक उंच, पांढऱ्या केसांची बाई. तिचं नाव लेडी हॅरिएट. एका इंग्रज उमरावाची विधवा. पण जन्म अमेरिकेतला. बापाचे पोलादाचे कारखाने. लग्न करून इंग्लंडला आली तेव्हा विशीतली होती. पुढे नवऱ्याचं घर करापायी विकावं लागलं, मग नवरा गेला. माहेरचे म्हणाले, परत ये. ती गेली नाही. तिने राजघराण्यातल्या त्या बाईच्या सोबतिणीची जागा घेतली. पाहुण्यांनी दिलेली फुलं हातात धरायची. शाळेतल्या मुलांच्या पत्रांना उत्तरं लिहायची. पर्समध्ये जास्तीचे हातमोजे, सुईदोरा आणि पेपरमिंट ठेवायच्या.

दुभाषी बाई दूतावासाची होती. त्यामुळे मला आत काम नव्हतं. आम्ही दोघी शेजारच्या खोलीत थांबलो. दार लागल्याबरोबर तिने बूट काढले आणि पाय कोचावर घेतले.

"तुमच्या घरचे काय म्हणतात?" तिने विचारलं. ओळख नाही, पाळख नाही.

"बहीण म्हणते मी भांडी घासते."

"माझी आई म्हणायची, आपल्या पूर्वजांनी राजासमोर गुडघा वाकवायला नको म्हणून लढाई केली, आणि तू समुद्र ओलांडून वाकवायला गेलीस."

"मग?"

"मी म्हटलं, आई, गुडघा माझा आहे. मी वाकवते. दुसरं कुणी तो वाकवत नाही."

मी तिला कॉफी दिली. आमची कॉफी पिवळी, वेलदोड्याची. तिने वास घेतला, एका घोटात संपवली आणि म्हणाली, "इंग्रज मला अजून अमेरिकन म्हणतात. अमेरिकेतले म्हणतात, आमची हॅरिएट वाया गेली. दोघांचं ऐकायचं बंद केल्यापासून माझी पाठ दुखत नाही."

मी तिला चष्म्याची डबी सांगितली. ती हसायला लागली. तिच्या मालकिणीने उजवा हातमोजा काढून डाव्या हातात धरला की ही पुढे व्हायची आणि म्हणायची, मॅडम, गाडी आली आहे. "गाडी कधीच आलेली नसते," ती म्हणाली. आम्ही इतक्या हसलो की आतून कुणीतरी दारावर टकटक केली.

मग बूट घालता घालता तिने एक गोष्ट सांगितली. "खोलीतून जा म्हणायचा हक्क एकाच माणसाचा असतो. बाकी कुणी म्हणालं तर ऐकू आलं नाही असं करायचं. मला ही युक्ती फार उपयोगी पडली."

तिचं दरवर्षी डिसेंबरात एक कार्ड यायचं. शेवटच्या कार्डावर होतं: 'अजून तिथेच. तुम्ही?' मी उलट कळवलं, 'अजून इथेच.' माझं कार्ड पोचलं तेव्हा ती होती की नव्हती, मला माहीत नाही.

तर अशी ती. जन्म एकीकडे, मान दुसरीकडे. तिच्या आईने तिला शिव्या दिल्या, पण शेजाऱ्यांना ती शिक्षिका आहे म्हणून सांगितलं नाही.

शरफुन्निसा

ता. क. अदिबा मला फोन करते. तुला माहीत नसावं. निम्मं इंग्रजीत बोलते, पण बोलते.


८ मार्च २०१३

आपा,

तू विचारलं आहेस, सौदीत परदेशी लोकांना काढतायत ते खरं का. खरं आहे. सरकारने कंपन्यांना रंग वाटलेत. सौदी माणसं पुरेशी कामावर असली की हिरवा, नसली की लाल. अमीरेच्या घराचा कारभार तिच्या पुतण्याच्या कंपनीतून चालतो आणि मी त्या कंपनीच्या हजेरीपटावर सेक्रेटरी आहे; माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावरही तेच लिहिलंय. कंपनी लाल झाली आहे.

म्हणून नौफ आली. सौदी मुलगी, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. बाप शाळेची बस चालवतो. ऑफिसने तिला माझ्या हाताखाली शिकायला पाठवलं. काय शिकायला ते कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं. तिनेच पहिल्या दिवशी म्हटलं. मला ती 'खालती' म्हणते, म्हणजे माझी मावशी.

"खालती, ऑफिस म्हणतं ही खुर्ची माझी. बघते तर तुम्ही बसलेल्या. मांडीवर बसू का?"

मी तिचा राग करायचा असं ठरवून ठेवलं होतं. त्या वाक्यात ते वाया गेलं.

ती हुशार आहे. नावं पटकन लक्षात ठेवते. कॉफीचा चंबू डाव्या हातात, पेला उजव्या हातात. पेला हलवून परत दिला की पुरे, नुसता परत दिला की अजून. हे तिला मी शिकवायची गरज नव्हती, तिच्याही घरी तेच चालतं. मी तिला बघायला शिकवलं. अमीरेचे हात. पाहुणीच्या चपला. कोण आधी बोलतं आणि कोण नंतर घाम पुसतं.

गेल्या मंगळवारी अमीरेची लहानपणची मैत्रीण आली. खमीस मुशैतहून, नातवाच्या गाडीतून, पहाड उतरून. दोघी किती वर्षांनी भेटत होत्या ते त्यांनाही आठवेना. दोघी एकमेकींचे हात चाचपत होत्या. मग अमीरेने चष्मा काढला. डोळे पुसायला. मी स्वयंपाकघरात खजुरांचं बघत होते. नौफने चष्मा निघालेला पाहिला आणि ऊद मागवला.

मी आले तेव्हा धुपाटणं त्या बाईच्या पुढ्यात होतं. ती अजून कॉफीचा दुसरा पेला प्यायली नव्हती. तिने नौफकडे पाहिलं, मग अमीरेकडे, आणि जमिनीवर हात टेकून उठायला लागली. चेहऱ्यावर काही नाही. डोंगरातली माणसं अशी उठतात. अमीरेला दिसत नव्हतं. तिला वास आला. तिचा हात हवेतच राहिला.

फिरलेला ऊद परत घेता येत नाही. असा मार्गच नाही.

मी पुढे झाले आणि अमीरेला म्हणाले (घरात सगळे तिला अम्मती, म्हणजे आत्या म्हणतात), "अम्मती, हा ऊद माझ्या सांगण्यावरून आला. आमच्या कोकणात घरात कुणी मोठं माणूस आलं की आधी ऊद जाळतात, मग बसवतात. मला राहवलं नाही. माझ्या मुलखाची रीत म्हणून माफ करा."

मग ती म्हातारी परत खाली बसली. "हिंदी लोक सगळं उलटं करतात," ती म्हणाली. "पण ही उलटी रीत बरी आहे." अमीरा मोठ्याने हसली. ती बाई मगरीबपर्यंत, सूर्य मावळेपर्यंत बसली.

आपण जाळतो ना ऊद, आपा? मिलादला, फातिहाला. मी फार खोटं बोलले नाही.

नौफ नंतर स्वयंपाकघरात रडली. मी तिला म्हटलं, चष्मा निघाला म्हणजे काही नाही. डबी मिटून डावीकडे गेली की मगच. ती नाक ओढत म्हणाली, "तुम्ही परदेशी होतात म्हणून निभावलं. मी काय सांगितलं असतं?"

मी या घरात परकी आहे, हे तू सांगायची गरज नाही. कधीकधी तेच कामाला येतं.

शरफुन्निसा


४ एप्रिल २०१३

आपा,

अमीरेच्या पुतण्याच्या (त्याला इथे सगळे अमीर म्हणतात) ऑफिसचा व्यवस्थापक फहद आज येऊन गेला. बाहेरच्या खोलीत बसला. चांगला माणूस आहे. बोलताना बोटातली अंगठी फिरवत होता.

"दोन मार्ग आहेत, उम्म शरफ," तो म्हणाला. मला मूल नाही तरी तो मला कुणाची तरी उम्म, म्हणजे आई करतो, आदराने. "एक: कायमचा परतीचा शिक्का. अमीर स्वतः येऊन निरोप देतील. मानपत्र, भेट, सगळं."

"दुसरा?"

तो अंगठीकडे बघत म्हणाला, "कंपनीतून नाव काढून घरात टाकता येतं. घरच्या नोकरांना रंगाचा नियम नाही. पण मग इकाम्यावर सेक्रेटरी राहणार नाही. घरकामगार येईल."

"म्हणजे मोलकरीण."

"कागदावर." मग घाईने म्हणाला, "अमीरांना ते बरं वाटत नाही. एवढी वर्षं मानाने राहिलेली बाई. ते म्हणतात, तिने मानानेच जावं."

"अम्मतींना विचारलंत?"

"त्यांना कशाला त्रास, या वयात? नौफ आहे. खलास."

मोहियुद्दीन दाराबाहेर उभा राहून सगळं ऐकत होता. फहदची गाडी गेल्यावर म्हणाला, "खाला, घ्या तो दुसरा. मी घरगुती ड्रायव्हर, तुम्ही घरगुती बाई. एका ताटात जेवू." मी त्याला म्हटलं, तू ताट धुतोस कुठे. तो म्हणाला, म्हणून तर बाई पाहिजे.

त्याच्या ओळखीची माणसं रोज दूतावासासमोर उन्हात रांगेत उभी राहतात. कुणाचा कफील, म्हणजे जामीन राहिलेला मालक, सापडत नाही, कुणाचा कागद. त्यांच्यापुढे माझं काहीच नाही, हे मला कळतं. तरी फहद गेल्यापासून मी तीन वेळा कॉफी केली आणि एकदाही प्यायले नाही.

अमीरेला मी अजून काही सांगितलेलं नाही. आज तिने मला दोनदा विचारलं, तू आहेस ना. मी उजव्या हातालाच होते.

शरफुन्निसा


१९ एप्रिल २०१३

आपा,

फोनवर मी बोलले नाही कारण तू रडत होतीस आणि ओरडतही होतीस. आता लिहून उत्तर देते. तुझं म्हणणं आधी मांडते, म्हणजे चूक झाली तर दाखव.

मी परतीचा शिक्का घ्यावा. पुतण्यांकडून मानपत्र घ्यावं. ते तू आजोबांच्या अत्तरदाणीशेजारी कपाटात ठेवशील. पनवेलच्या मंडळींना सांगशील की खाला निवृत्त होऊन आली. वरची खोली माझ्यासाठी रंगवून ठेवली आहेस. खिडकीतून खाडी दिसते. आणि मी जर इकाम्यावर मोलकरीण लिहून घेतलं, तर लग्नाला येऊ नये. पनवेलवाल्यांचा एक भाचा रियाधच्या व्हिसा कचेरीत आहे आणि त्याला सगळं कळतं.

खोलीला कोणता रंग दिलास?

मला ती खोली हवी आहे. हे एकदाच लिहिते. खाडी मला अजून आठवते. भरतीला धक्क्याच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी येतं तेही. इथे खिडकीतून टायरवाला दिसतो. तू अट घातली नसतीस तर कदाचित मी आले असते.

तू म्हणतेस, त्या अमीरेची कोण आहेस तू? तिच्या घरात माणसांची कमी आहे का? कमी नाही. पण तिला रात्री कोणत्या कुशीवर झोप लागते, तिची कोणती बहीण मेली आहे हे तिला पुन्हा सांगायचं नसतं, कोण तिच्याकडून काय काढून घ्यायला येतं, हे त्यांच्यापैकी कुणाला माहीत नाही. नौफला कळेल. एका वर्षात कळेल. अमीरेकडे ते वर्ष असेल तर.

आणि तुला एक विचारते. आजोबांच्या नावापुढे दरबारच्या दप्तरात काय लिहिलेलं असेल? मानकरी? मला नाही वाटत. 'खिदमतगार' असेल. आपण नंतर मानकरी म्हणायला लागलो, काच बसवल्यावर.

शरफुन्निसा


१० मे २०१३

हाजराआपा,

मागच्या आठवड्यात, गुरुवारी, अमीर आले, अमीरेचे पुतणे.

फहदने सगळी तयारी केली होती. पाहुण्यांच्या बाजूची, बरोबर समोरची खुर्ची मला. टेबलावर मखमलीच्या पेटीत मानपत्र. नौफ बुरख्यात दाराशी. घरात परपुरुष म्हणून तिचे फक्त डोळे दिसत होते. पुतणे आत आले, त्यांनी आत्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि बसले. माझी विचारपूस केली. मी उत्तर दिलं.

अमीरेने मान वळवली. "शरफुन, तुझा आवाज समोरून का येतोय?"

"आज ती पाहुणी आहे, अम्मती," पुतणे म्हणाले. "आपण तिला निरोप देतोय."

"कुठे चालली?"

"तिच्या देशात."

"ती म्हणाली?"

"ती नाही. कायदा आहे. आपल्या मुलींना कामं मिळायला हवीत. तुम्हीच म्हणायचात ना, मुली शिकून घरी बसतात."

"म्हणायचे. ही मुलगी चांगली आहे. ठेव. हसवते मला."

"तिला ठेवलंच आहे. पण कायदा..."

"कायदा कुठे बसलाय? त्याला कॉफी दिली का कुणी?"

बुरख्यातून खोकल्यासारखा आवाज आला. पुतणे रागावले नाहीत. त्यांनी रंग समजावून सांगितले, हिरवा, लाल. शांतपणे, मोठ्या आवाजात, आंधळ्या माणसाला जसं ऐकूही येत नाही असं समजून बोलतात तसं. शेवटी म्हणाले की तिच्या मानासाठीच हे सगळं करतोय, नाहीतर मोलकरीण म्हणून राहावं लागेल, आणि ते तुमच्या घराला शोभत नाही.

अमीरा ऐकत होती. मग तिने चष्मा काढला. डबीत ठेवला. डबी मिटली. डावीकडे सरकवली.

आपा, मी चोवीस वर्षं ती खूण बघत आले, पण समोरून कधी पाहिली नव्हती. पाहुण्याला ती कशी दिसते ते मला त्या दिवशी कळलं. पाहुणी मी होते. पुतण्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली; या घरातली खूण त्यांना लहानपणापासून ठाऊक असणार. निरोप झाला, ऊद येईल, बाई उठेल. नौफ धुपाटणं घेऊन आत आली आणि थबकली. कुणापुढे न्यायचं? तिचे डोळे माझ्यावर.

मला माहीत नव्हतं. खरं सांगते. अमीरेने ती खूण कुणासाठी केली ते मला आजही कुणी शपथेवर विचारलं तर सांगता येणार नाही. तिने मला जायला सांगितलं असेल. त्रास संपवला असेल माझा.

पण तिने तोंडाने काही म्हटलं नव्हतं, आणि तिची खूण वाचायचं काम माझं आहे.

मी खुर्चीवरून उठले, नौफच्या हातून धुपाटणं घेतलं आणि पुतण्यांपुढे नेऊन धरलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मीही उभी राहिले. ज्याच्या हातात धुपाटणं असतं तो पाहुणा नसतो. हे त्यांना मी सांगणार नव्हते. निखारा तडकला. मग ते एकदा छोटंसं हसले, डोक्यावरच्या रुमालाची टोकं धुरावर धरली, आत्याच्या डोक्याचं पुन्हा चुंबन घेतलं आणि निघाले. दारात थांबून म्हणाले, "फहदला सांगतो."

मानपत्र टेबलावरच राहिलं. मी माझ्या जागेवर जाऊन बसले. उजव्या हाताला, जरा मागे सरून.

"गेला?" अमीरेने विचारलं.

"गेला."

"चष्मा दे."

फहदचा फोन संध्याकाळी आला. मी म्हटलं, घरकामगार लिहा. तो म्हणाला, विचार करून सांगा. मी म्हटलं, फक्त स्पेलिंग बरोबर लिहा, नावाचं. पुतण्यांच्या सहीला रांगेत उभं राहावं लागत नाही; तीन दिवसांत नवा इकामा हातात आला. मोहियुद्दीनने तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "फोटो मात्र अजून मालकिणीचाच आहे, खाला." नौफ आता सेक्रेटरी आहे. तिला मी त्या खुर्चीत बसवलं. तिने बसून पाहिलं आणि म्हणाली, मांडी बरी होती.

आता तुझं.

मी लग्नाला येते आहे. सुट्टीचा शिक्का मिळाला. तू येऊ नको म्हणालीस, ते मला ऐकू आलं नाही. लग्न अदिबाचं आहे. जा म्हणायचा हक्क तिचा, आणि तिने मला गेल्या आठवड्यात फोन करून सांगितलंय: खाला, कम. जो भी लिखा हो, कम. लग्न झालं की मी परत इथे येणार. त्या खोलीचा रंग बघून जाईन.

पनवेलच्या भाच्याला शोधायची गरज नाही. इकामा माझ्या पर्समध्ये असेल. कुणी विचारलं तर पंगतीत हातोहात फिरवीन. कुणी विचारलं की मी काय करते, तर सांगेन, आजोबा करत होते ते.

आणि जेवणं झाली, माणसं सुपारी चघळत रेंगाळायला लागली, की पाहुण्यांना अत्तर लावायला मी उभी राहणार. आजोबांच्या अत्तरदाणीने. ती काचेत ठेवायची वस्तू नाही. अत्तर मी इथून आणते. मोराची मान मोडकीच राहू दे.

कपाटाची किल्ली काढून ठेव.

शरफुन्निसा